रिमोटवर पळणारी रेसिंग बोट घरी बनवायची असेल तर

बोट बनवायची म्हटलं की बहुतेक जण आधी मोटर शोधायला लागतात, किती केव्ही, किती वॅट, किती स्पीड जाईल, आणि मग ती मोटर मावेल अशी एखादी बोट बनवू म्हणतात. माझं मत अगदी उलट आहे. रेसिंग बोटीचा स्पीड तिच्या तळाच्या मागच्या वीतभर भागात असतो, तो सरळ आहे का, त्याच्या कडा टोकदार आहेत का, आणि वजन कुठे बसलंय. हे जमलं तर साधी मोटरही बोटीला पाण्यावरून उचलून पळवते, आणि हे फसलं तर दुप्पट पॉवर लावूनही बोट नुसती उड्या मारत बसते. म्हणून हा लेख लाकूडकामावर जास्त आणि इलेक्ट्रॉनिक्सवर थोडा कमी आहे.

आपण बनवतोय ती ६० सेंमी लांबीची, व्ही आकाराच्या तळाची, एका मोटरची बोट, म्हणजे डीप-व्ही मोनो. पहिल्या बोटीसाठी कॅटामरान (दोन सांगाडे जोडलेली बोट) किंवा हायड्रोप्लेनच्या (पाण्याला जेमतेम टेकून पळणारी बोट) नादी लागू नका, ते दिसायला भारी असतं पण सेटिंगला फार नाजूक. मोनो थोड्या लाटांमध्येही चालते आणि चुकीला माफ करते.

मापं

लांबी ६०० मिमी, रुंदी साधारण १८० मिमी. तळाचा व्ही म्हणजे डेडराइज २० अंश. हा कोन पाठीमागच्या पाटीपासून (तिला ट्रान्सम म्हणतात, पुढे तोच शब्द वापरतो) बोटीच्या अर्ध्यापर्यंत अजिबात बदलायचा नाही, तिथून पुढे तो वाढत जाऊन टोकाला निमुळता होतो. कागदावर काढताना मधल्या रेषेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ८५ मिमी घेतले तर २० अंशाला कड ३१ मिमी वर येते, त्यावर ३५ मिमीची उभी बाजू. या मापाचे तीन सारखे फ्रेम, म्हणजे बोटीत आडव्या बसणाऱ्या पाट्या, कापायचे, एक ट्रान्समला, एक तिथून १५० मिमीवर, एक ३०० मिमीवर. तिन्ही एकत्र टाचून एकदाच घासून सारखे करा, कारण हे तीन जुळले की मागचा अर्धा तळ आपोआप सरळ येतो. चौथा फ्रेम ४३० मिमीच्या आसपास, तो अरुंद आणि व्ही जास्त खोल, त्याच्या पुढे फक्त टोकाचा तुकडा.

लाकूड कापण्याआधी हे सगळं एकदा पुठ्ठ्यात करून बघा. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. तळाची पट्टी पुढच्या वळणावर कशी पिळली जाते ते पुठ्ठ्यात लगेच कळतं, आणि तोच पुठ्ठा नंतर प्लाय कापायला फर्मा म्हणून कामाला येतो.

सामान

फ्रेमसाठी ३ ते ४ मिमी प्लाय. दुकानात प्लायवर ७१० छापलंय का बघा, आयएस ७१० म्हणजे मरीन ग्रेड. ४ मिमी मिळाला तर फ्रेमला मधे मोठी भोकं पाडून वजन काढा. एमडीएफ अजिबात नको, लेझर कटिंगवाला स्वस्तात एमडीएफमध्ये कापून देतो म्हणेल पण कुठे पाणी शिरलं की तो पावासारखा फुगतो. बाहेरच्या कातडीसाठी १.५ मिमीचा एअरोप्लाय, हा एअरोमॉडेलिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. लांब पट्ट्यांसाठी ५ बाय ५ मिमी पाईन, पॅकिंगच्या खोक्यांचं पाईन सुताराकडून चिरून घेतलं तरी चालतं, फक्त गाठ नसलेलं निवडा. सुतार साग देतो म्हणाला तर सांगा नको, जड असतो आणि तेलकट असल्यामुळे इपॉक्सी नीट धरत नाही.

चिकटवायला तीन गोष्टी लागतात. तात्पुरतं धरायला फेविक्विक, जोडांसाठी सावकाश सुकणारं साधं अ‍ॅराल्डाइट, आणि कोटिंग व कापडासाठी पातळ लॅमिनेटिंग इपॉक्सी. पाच मिनिटांत सुकणारं अ‍ॅराल्डाइट घाईच्या कामाला बरं वाटतं पण पाण्यातल्या जोडांना त्याच्यावर विसंबू नका. फायबरग्लासचं बारीक विणीचं कापड ८० ते १०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं घ्या. फॅब्रिकेशनवाल्यांकडे मिळणारी जाड चटई, म्हणजे मॅट, आपल्या बोटीला फार जड होते. आणि त्यांच्याकडचं पॉलिस्टर रेझिन स्वस्त असतं खरं, पण त्याने थर्माकोल विरघळतो, इपॉक्सीने विरघळत नाही. आपण आत थर्माकोल भरणार आहोत म्हणून आधीच सांगतो.

सांगाडा

बोट उलटी बांधायची. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शिप मॉडेलिंग केलेल्यांना हे माहीत असेल. खाली एकदम सपाट फळी हवी, आणि घरातली सगळ्यात सपाट गोष्ट बहुतेक वेळा किचनचा ग्रॅनाइटचा ओटा असते, तेव्हा फळी ओट्यावर ठेवून चारही कोपऱ्यांना ती डुगडुगते का ते तपासा. फळीवर मधली रेष मारा, फ्रेमच्या जागा मारा, फ्रेम काटकोनात उभे करून छोट्या ठोकळ्यांनी पक्के करा. मग मधोमध कण्याची पट्टी आणि दोन्ही कडांना चाइनच्या (तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या कडेच्या) पट्ट्या, ट्रान्समपासून टोकापर्यंत. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच वेळी लावायच्या, एक आज एक उद्या असं केलं तर सुकताना सांगाडा एका बाजूला ओढला जातो.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. एक फुटाची स्टीलची पट्टी घ्या, मागच्या तीन फ्रेमवर कण्याला समांतर आडवी ठेवा आणि पलीकडे ट्यूबलाइट येईल असं बसून पट्टीच्या खालून बघा. कुठेही उजेडाची फट दिसली तर तिथे घासा किंवा भरा. कण्याजवळ, मधे, कडेला, दोन्ही बाजूंना बघायचं. मागचा भाग बाहेर गोलावलेला असेल तर बोट पळताना नाक वर खाली आपटत राहते, आत वळलेला असेल तर नाक पाण्यात दाबलं जातं आणि स्पीड मरतो. अर्धा मिलिमीटर सुद्धा जाणवतो. या कामाला एक अख्खी संध्याकाळ गेली तरी द्या.

कातडी चढवताना आधी तळाच्या दोन पट्ट्या, मग बाजू. पुढच्या वळणावर प्लाय ऐकत नसेल तर गरम पाण्याचं फडकं वरून दहा मिनिटं ठेवा, मग हळूहळू वाकवून कपड्याचे चिमटे आणि मास्किंग टेपने धरून सुकू द्या, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच अ‍ॅराल्डाइट लावा. मागच्या भागात मात्र चिमटे जोरात दाबायचे नाहीत, दोन फ्रेमच्या मधे प्लाय आत दबला की मगाशी केलेली मेहनत गेली.

इपॉक्सी आणि आपली हवा

सुकलं की बोट सुलटी करून आतून सगळीकडे इपॉक्सीचा पातळ हात मारा, कोपरेसुद्धा. आतलं लाकूड उघडं ठेवणं ही घरगुती बोट लवकर मरण्याची मुख्य वाट आहे. मग बाहेरून कापड. कापड कोरडं पसरा, वरून इपॉक्सी ओता आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे ओढत जास्तीचं काढून टाका. कापडाची वीण दिसत राहिली पाहिजे, वर तळं साचलं म्हणजे नुसतं वजन वाढलं.

मुंबईत किंवा कोकणात जुलै ऑगस्टमध्ये हे काम शक्यतो टाळा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो, त्याच्यावर पुढचा हात किंवा रंग धरत नाही. आलाच तर कोमट पाणी आणि भांड्याच्या हिरव्या स्क्रबरने धुवून, पुसून, वाळवून मगच घासा. थेट पॉलिश पेपर मारला तर तो चिकटपणा घासून आत जातो. आणि मे महिन्यात उलटी गंमत, कपात मिसळलेलं इपॉक्सी दहा मिनिटांत गरम होऊन वाफा सोडतं आणि दगड होतं. थोडं थोडं मिसळा, खोल कपाऐवजी पसरट ताटलीत ठेवा, सकाळी लवकर काम करा. ग्लोव्हज घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि सुकलेलं फायबर घासताना मास्क लावून शेवटपर्यंत पाणी मारूनच घासा. काचेची धूळ फुफ्फुसात जाता कामा नये, याबाबतीत मी अजिबात सूट देत नाही.

घासताना सगळ्यांचा हात आपोआप कडा गोल करायला जातो, मऊ छान लागतात म्हणून. बाहेरच्या चाइन कडा आणि ट्रान्समची खालची कड मात्र सुरीसारखी टोकदार ठेवायची. पाणी तळावरून मागे येतं आणि तिथून त्याने तुटून सुटायला हवं, कड गोल असेल तर पाणी तिला चिकटून वर वळतं आणि बोटीला मागे खाली ओढतं. कापड तशाही टोकदार कडेवर नीट बसत नाही, म्हणून तिथे मास्किंग टेपची छोटी भिंत करून इपॉक्सीमध्ये टाल्क मिसळून भरा, सुकल्यावर लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून दोन्ही बाजूंनी सपाट घासा. नखाने खरवडली तर नख सोलायला हवं, इतकी कड हवी.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रायमर, पॉलिश पेपर ४०० पाणी लावून, मग कारचा स्प्रे. तळाला पातळ, वर भडक केशरी किंवा पिवळा, कारण शंभर फुटांवर निळी पांढरी बोट पाण्यात दिसेनाशी होते.

शाफ्ट, स्ट्रट, रडर

हे भाग सुटे सुटे जमवण्यापेक्षा सेट घ्या, ४ मिमी फ्लेक्स केबल (मोटरचं फिरणं प्रॉपपर्यंत, म्हणजे मागच्या पंख्यापर्यंत, नेणारा वाकणारा शाफ्ट), पितळी नळी, आत टेफ्लॉनची नळी, मागचा स्ट्रट (शाफ्टचं मागचं टोक धरणारा आधार) आणि रडर (सुकाणू). मोटरकडून शाफ्ट तिरका खाली येतो आणि ट्रान्समच्या बाहेर सरळ होतो, म्हणून पितळी नळीला हलका एस आकार द्यावा लागतो. नळीत बारीक वाळू ठासून दोन्ही टोकं टेपने बंद करा आणि बाटलीसारख्या गोल वस्तूवर हळूहळू वाकवा, म्हणजे ती चेपत नाही. वाकवल्यावर केबल आत घालून बोटांनी फिरवा, कुठेही अडकता कामा नये.

स्ट्रट ट्रान्समच्या बरोबर मधोमध. सुरुवातीला शाफ्टचा मध्य आणि कण्याचा तळ एका पातळीत ठेवा आणि स्ट्रट तळाला समांतर, म्हणजे शून्य अंश. अशा बोटीचा प्रॉप पूर्ण बुडालेला नसतो, पळताना त्याचा अर्धा भाग पाण्याबाहेर असतो, आणि म्हणूनच पाण्याचा अडथळा कमी होऊन स्पीड येतो. स्ट्रटची भोकं उभी लांबट ठेवा, नंतर वर खाली करता आलं पाहिजे.

केबलच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिचे तारेचे पीळ असतात, मोटर अशा दिशेला फिरली पाहिजे की पीळ आवळला जाईल, उलट फिरली तर केबल उलगडून तुटते, आणि प्रॉपही त्याच दिशेचा हवा. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायर्सपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. दुसरं म्हणजे जोर आला की केबल आखूड होते, म्हणून स्ट्रट आणि प्रॉपच्या पुढचा ड्राइव्ह डॉग (प्रॉपला शाफ्टबरोबर फिरवणारा तुकडा) यांच्यात ३ मिमी जागा सोडायची. जागा नाही ठेवली तर केबल स्ट्रटवर घासून गरम होते, मोटर जास्त करंट खेचते आणि दोष उगाच ईएससीला (मोटरचा स्पीड कंट्रोलर) दिला जातो.

मोटर आणि वायरिंग

३६५० किंवा ३६६० मापाची (३६ मिमी व्यास, ५० किंवा ६० मिमी लांबी) ब्रशलेस इनरनर, म्हणजे आतला भाग फिरणारी मोटर, २००० केव्हीच्या आसपास, पाण्याच्या जॅकेटसह. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ३एस लायपो (तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) ११.१ व्होल्टची, म्हणजे रिकामी फिरताना २२,२०० आरपीएम. प्रॉप ३७ मिमीचा आणि पिच रेशो (एका फेऱ्यातली चाल भागिले व्यास) १.४ असेल तर एका फेऱ्याला तो ५२ मिमी पुढे जायला बघतो, गुणाकार केला तर ताशी ६९ किमी होतात. प्रत्यक्षात लोडखाली आरपीएम पडतात आणि प्रॉप घसरतो, म्हणून ४० ते ४५ धरा. ६० सेंमीच्या बोटीला ते बघायला भरपूर वेगवान वाटतं, विश्वास ठेवा.

ईएससी बोटीसाठीचाच, वॉटर कूल्ड, ६० अँपिअर किंवा जास्त. बॅटरी ३एस, ३३०० एमएएच. सरासरी ४० अँपिअर खेचले आणि ८० टक्केच बॅटरी वापरली तर ४ मिनिटं मिळतात, टायमर तेवढ्याचाच लावा. ईएससीचं लो व्होल्टेज कटऑफ (बॅटरी इतकी उतरली की मोटर थांबवणारी सेटिंग) प्रत्येक सेलला ३.३ ते ३.४ व्होल्टवर ठेवा. वायर वाढवायची वेळ आली तर मोटरच्या बाजूची वाढवा, बॅटरी आणि ईएससीमधली वायर जितकी आखूड तितकं बरं, ती लांब झाली की ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येऊन ते उडतात.

कूलिंगचं पाणी रडरमधल्या छोट्या भोकातून घ्यायचं, प्रॉपने मागे फेकलेलं पाणी स्वतःच दाबाने आत शिरतं, पंप लागत नाही. सिलिकॉन नळीने आधी ईएससी, मग मोटरचं जॅकेट, मग बोटीच्या बाजूला बाहेर. बाहेरची धार तुमच्याकडून दिसेल अशा उंचीवर काढा. धार दिसेनाशी झाली की लगेच काठावर आणायची, नव्वद टक्के वेळा पानाचा तुकडा किंवा वाळूचा खडा अडकलेला असतो.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा पिस्तूल पकडीचा सगळ्यात सोपा. हे सिग्नल पाण्यातून जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची अँटेना प्लास्टिकच्या नळीतून सरळ वर डेकच्या (बोटीच्या वरच्या छताच्या) बाहेर काढा. फेलसेफ सेट केल्याशिवाय पाण्यावर जायचं नाही, म्हणजे सिग्नल तुटला की थ्रॉटल शून्य. प्रॉप काढून, रिमोट बंद करून मोटर थांबते का ते घरीच बघा. आणि क्रम कायम एकच, आधी रिमोट चालू मग बॅटरी, बंद करताना आधी बॅटरी मग रिमोट. बॅटरी जोडलेली असताना प्रॉपजवळ हात न्यायचा नाही, धातूचा प्रॉप बोटाचं मांस कापून काढतो.

वजन आणि तोल

सगळं बसवून बोट १.३ ते १.५ किलोमध्ये आली तर उत्तम. पुढच्या पोकळीत थर्माकोल किंवा पोहण्याच्या नूडलचे तुकडे भरा. १ लीटर पोकळी साधारण १ किलो तोलते, म्हणून दीड लीटर भरलं तर उलटून पाणी शिरलं तरी बोट बुडत नाही. बॅटरीची जागा आत्ताच पक्की करू नका, खाली लांब वेल्क्रो लावा. बोट दोन बोटांवर तोलून बघा, तोल ट्रान्समपासून १८० ते २०० मिमीवर हवा, म्हणजे लांबीच्या ३० ते ३३ टक्क्यांवर. पहिल्या दिवशी २०० वर ठेवा.

पाण्यावर

जागा निवडताना काठ उतरता हवा आणि जलपर्णी नको, एक मूळ गुंडाळलं की शाफ्ट जाम. धरणांचं पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याचं असतं, आत जायला मनाई असते, परवानगीशिवाय नको. शेततळं लांबून एकदम योग्य वाटतं, पण त्याचा प्लास्टिकचा उतार ओला झाला की माणसाला वर येता येत नाही, दरवर्षी त्यात जीव जातात. दगडखाणीची तळी काठापासूनच खोल असतात. पवईला तर मगरी आहेत. बोट बंद पडली तर तिच्यामागे पाण्यात उतरायचं नाही, कधीच नाही. गळाच्या दोरीला टेनिस बॉल बांधून बोटीपलीकडे फेका आणि ओढून आणा, नाहीतर वाऱ्याने काठाला लागायची वाट बघा. जवळ कोणी पोहत असेल किंवा बदकं असतील त्या दिवशी रिमोट बॅगेतच राहू द्या.

हॅच (डेकवरचं झाकण) बंद करून कडेने टेप मारा, अर्धा मिनिट हळू चालवा, काठावर आणा, आत पाणी आहे का बघा आणि मोटर, ईएससीला हात लावा. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर प्रॉप मोठा आहे किंवा शाफ्ट घासतोय. सगळं ठीक असेल तर सरळ रेषेत थ्रॉटल वाढवा, वळताना कमी करा.

आता ट्यूनिंग, आणि एका वेळी एकच बदल. नाक वर खाली आपटत असेल तर बॅटरी १० मिमी पुढे, तरीही थांबत नसेल तर स्ट्रटचं प्रॉपकडचं टोक अगदी किंचित खाली झुकवा, त्याने मागचा भाग उचलला जाऊन नाक बसतं. नाक पाण्यात घुसत असेल आणि तळाचा बराचसा भाग ओला राहत असेल तर बॅटरी मागे. प्रॉप ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट दिशेला बोट कलते, हे प्रत्येक मोनोत होतं, त्यासाठी बॅटरी उचललेल्या बाजूला ५ ते १० मिमी सरकवा. प्रॉप नुसता किंचाळतोय आणि बोट पुढे जात नाही असं असेल तर स्ट्रट १ मिमी खाली घ्या. प्रॉप बदलायची वेळ यानंतर येते, तोपर्यंत नाही, आणि बदलला की पुन्हा हात लावून गरमपणा तपासायचा.

घरी आल्यावर केबल पूर्ण बाहेर ओढा, पुसा, मरीन ग्रीस लावून परत घाला. खाडीत किंवा समुद्रात चालवली असेल तर आधी गोड्या पाण्याने सगळं धुवा, कूलिंगच्या नळ्यांमधूनसुद्धा पाणी सोडा. हॅच उघडी ठेवून बोट रात्रभर वाळू द्या. लायपो थंड झाल्यावर पुढच्या रविवारी जायचं नसेल तर चार्जरच्या स्टोरेज मोडवर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, चार्ज करताना १सी म्हणजे आपल्या बॅटरीला ३.३ अँपिअर, बॅलन्स वायर (प्रत्येक सेल वेगळा मोजणारी) जोडून, आणि खोलीत तुम्ही जागे असतानाच.